एल्वा नदी आणि सॅमन: गैरसमज आणि वस्तुस्थिती

धरण पाडले की मासे आपोआप परततात, आणि मत्स्यबीज केंद्र उभारले की धरण पाडण्याची गरजच उरत नाही, अशी दोन परस्परविरोधी विधाने सारख्याच ठामपणे केली जातात. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील एल्वा नदीच्या अनुभवापुढे त्यांपैकी एकही टिकत नाही. कोकणात पहिल्या पावसात ओढ्यांतून शेतात शिरणारे चढणीचे मासे बहुतेक गोड्या पाण्यातलेच असतात. सॅमनला मात्र जन्मासाठी नदी आणि वाढीसाठी समुद्र, असे दोन्ही लागतात. १९१३ मध्ये पूर्ण झालेले एल्वा धरण मुखापासून जेमतेम आठ किलोमीटरवर होते, त्याच्या वर १९२७ मध्ये ग्लाइन्स कॅन्यन धरण झाले, आणि दोहोंपैकी एकातही मत्स्यशिडी, म्हणजे माशांना टप्प्याटप्प्याने भिंत ओलांडता यावी अशी पायऱ्यांची वाट, नव्हती.

अशी वाट ठेवण्याचे बंधन राज्याच्या कायद्यात तेव्हाही होते. तिच्याऐवजी मत्स्यबीज केंद्र स्वीकारले गेले आणि तेही १९२२ मध्ये बंद पडले. ते चालले असते तरी उणीव भरून निघाली नसती, कारण अंडी घातल्यावर मरणारा सॅमन समुद्रातील नत्र आणि स्फुरद आपल्या देहातून नदीच्या वरच्या खोऱ्यात पोहोचवतो, आणि त्यावर कीटक, अस्वले व काठची झाडेही पोसली जातात. पिल्लांची संख्या मोजून हे काम मोजता येत नाही.

धरण फोडल्यावर सुटणारा गाळ नदीला मारतो, या भीतीत तथ्यांश आहे. दोन्ही जलाशयांत सुमारे दोन कोटी घनमीटर गाळ साठला होता. २०११ ते २०१४ या काळात धरणे क्रमाक्रमाने उतरवताना पाणी इतके गढूळ झाले की काही कोहो सॅमन पकडून लिटल रिव्हर आणि इंडियन क्रीक या उपप्रवाहांत सोडावे लागले. परंतु सॅमनची मादी खडीत खळगा करून अंडी पुरते, आणि ती खडी धरणांमागे अडकल्याने खालच्या पात्रात मोठे गोटेच उरले होते. सुटलेल्या वाळूखडीने पात्र पुन्हा भरले, आणि झिजत चाललेला मुखाजवळचा किनारा समुद्रात पुढे सरकला.

लहान ओढ्यांबाबतचा गैरसमज अधिक चिवट आहे. पात्रात पडलेले ओंडके माशांना अडवतात असे मानून त्या प्रदेशातील अनेक प्रवाह विसाव्या शतकात ‘स्वच्छ’ केले गेले. प्रत्यक्षात ओंडक्यांमुळे डोह बनतात, खडी थांबते आणि पिल्लांना आडोसा मिळतो, म्हणून पुढे एल्वासह अनेक नद्यांत ओंडक्यांचे ढीग मुद्दाम रचावे लागले. रस्त्याखालची मोरी तर अडथळा म्हणून कोणाच्या नजरेतही येत नाही, पण तिचे खालचे तोंड पात्रापासून उंच राहिले किंवा आत पाण्याला फार वेग आला, तर वरचा सारा ओढा माशांना बंद होतो. अशा मोऱ्या वॉशिंग्टन राज्याने बदलाव्यात, हा आदिवासी जमातींच्या बाजूने झालेला निर्णय २०१८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात समसमान मतांमुळे कायम राहिला.

राहिला प्रश्न मासे परतण्याचा. स्टीलहेड हा इंद्रधनुषी ट्राउटचाच समुद्रात जाणारा प्रकार. धरणांच्या वर कोंडल्या गेलेल्या ट्राउटमध्ये समुद्राकडे जाण्याची आनुवंशिक क्षमता टिकून होती आणि वाट मोकळी होताच उन्हाळ्यात चढणारे स्टीलहेड पुन्हा दिसू लागले. चिनूक सॅमनही वर पोहोचले, मात्र परतणाऱ्या चिनूकमध्ये मत्स्यबीज केंद्रात जन्मलेल्यांचेच प्रमाण मोठे राहिले आहे, ही गोष्ट यशाच्या वर्णनांत सहसा गाळली जाते. २०२३ मध्ये लोअर एल्वा क्लॅलम जमातीने धार्मिक कार्यांसाठी व निर्वाहापुरती कोहोची मर्यादित मासेमारी पुन्हा सुरू केली. इतरांसाठी नदीवरील मासेमारीबंदी तेव्हाही उठली नव्हती.