नाण्याला स्मरण नसतें

मध्यंतरीं एका परिचित घरीं बारशास जाण्याचा प्रसंग आम्हांस आला. घर सुशिक्षित, तीन पिढ्या एकत्र नांदणाऱ्या, आणि पदवीधर नसलेलें माणूस तेथें शोधूनच काढावें लागेल. बारसें चौथ्या मुलीचें होतें. घुगऱ्या वांटून झाल्या आणि जमलेल्या स्त्रीमंडळींनीं बाळंतिणीचें समाधान करण्यास आरंभ केला. "सूनबाई, मन लहान करूं नको. चार झाल्या, आतां पुढचा मुलगाच!" असें आजीबाई म्हणाल्या, आणि खुर्चीवर बसलेल्या एका निवृत्त प्राध्यापकांनींहि मान डोलाविली. दहावींत शिकणारा घरचा नातू तेवढा कोपऱ्यांतून म्हणाला, "आजी, शक्यता अर्धीच!" त्याला अर्थातच गप्प बसविण्यांत आलें.

त्या बैठकींत बरोबर असलेला तो एकटाच होता. शाळेंत संभाव्यतेचें प्रकरण मुलें नाणीं आणि फांसे यांवर शिकतात, परीक्षेंत गुण मिळवितात, आणि घरीं आल्यावर वडील माणसांचें ऐकून तें विसरतात. म्हणून त्या मुलाची बाजू येथें थोडी विस्तारानें मांडावी असें आम्हांस वाटतें.

आजीबाईंच्या म्हणण्यांत सत्याचा एक अंश आहे, आणि म्हणूनच तें फसवें आहे. लग्न झाल्या दिवशीं कोणीं विचारलें असतें कीं, या दांपत्यास ओळीनें पांच मुलीच होतील काय, तर उत्तर 'बत्तिसांत एक' असें आलें असतें. कारण अर्धा पांच वेळां मांडून त्यांचा गुणाकार करावयाचा. (वस्तुतः दर १०० मुलींमागें सुमारें १०५ मुलगे जन्मास येतात, पण तो फरक तूर्त सोडून देऊं.) पण 'चार मुली व नंतर मुलगा' या क्रमाची शक्यता तरी किती? तीहि बत्तिसांत एकच! चार मुली जन्मून गेल्यावर बत्तीस क्रमांपैकीं तीस आपोआप बाद झाले. राहिले हे दोन, आणि दोघांचें वजन सारखें. मग पारडें मुलाकडे झुकावें कशानें?

याच हिशेबानें चार अपत्यें असलेल्या दर सोळा घरांपैकीं सरासरीनें एका घरीं चारही मुलीच असणार. त्या घरच्या सुनेचा यांत कांहीं एक दोष नसतो. मुलगा कीं मुलगी हें पित्याकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरतें, हें १९०५ सालापासून शास्त्रास ठाऊक आहे. तरी अशा घरांत उपासतापास सुनेनेंच करावयाचे असतात!

"पण दैव केव्हांतरी हिशेब पुरा करतेंच ना?" असें कोणी विचारील. याचें उत्तर एका बंदिवानानें दिलेलें आहे. दक्षिण आफ्रिकेंतील गणिताचे अध्यापक जॉन केरिच १९४० च्या एप्रिलांत कोपनहेगन येथें सासुरवाडीस आले, आणि दोनच दिवसांत जर्मन सैन्य डेन्मार्कमध्यें शिरलें. जांवईबापूंचा मुक्काम जटलंडांतील एका छावणींत हलला. वेळ घालवावयाचा कसा? त्यांनीं एक नाणें दहा हजार वेळां उडविलें आणि प्रत्येक वेळीं काय पडलें तें टिपून ठेविलें. पहिल्या शंभरांत छापा ४४ वेळां आला, म्हणजे निम्म्याहून ६ कमी. हजारापर्यंत ५०२ छापे झाले. दहा हजारांअखेर छापे होते ५,०६७. म्हणजे निम्म्याहून तब्बल ६७ अधिक!

वाचकांनीं हे आंकडे पुनः एकवार पाहावे, कारण सारें मर्म यांत आहे. निम्म्यापासूनचें अंतर कमी झालें नाहीं, उलट सहांवरून सदुसष्टांवर गेलें. तरी शेकडा प्रमाण ४४ वरून ५०.६७ वर, म्हणजे अर्ध्याच्या अगदीं जवळ आलें. नाण्यानें मागची बाकी फेडलेली नाहीं. फेडावयास त्याला ती आठवावी लागेल! घागरींत पडलेल्या मिठाच्या खड्याप्रमाणें ती बाकी मोठ्या संख्येंत विरून गेली, इतकेंच. सारीपाटावर दान रुसलें म्हणजे 'आतां पडेलच' म्हणून हट्टानें खेळणाऱ्यांनींहि हें ध्यानीं घ्यावें.

लहान संख्या अशी वाटेल तशी भरकटते. मोठी भरकटत नाहीं. आणि येथें आमच्या समाजाचा न्याय नेमका उलटा आहे. चार मुलींचें कारण तो सुनेंत शोधतो, आणि जेथें कारण शोधावयास हवें तेथें दैवाकडे बोट दाखवितो. २०११ च्या जनगणनेंत महाराष्ट्रांतील सहा वर्षांपर्यंतचीं मुलें सव्वा कोटीहून अधिक होतीं, आणि त्यांत दर हजार मुलग्यांमागें मुली भरल्या ८९४. जन्माच्या नैसर्गिक प्रमाणानें त्या सुमारें ९५२ असावयास हव्या होत्या. एवढ्या प्रचंड संख्येंत निव्वळ योगायोगानें हा आंकडा हलला तर एकदोनांनीं हलेल, अठ्ठावन्नांनीं नव्हे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्रानें १९८८ सालीं, इतर राज्यांच्या आधीं, कायदा केला. देशाचा कायदा १९९४ चा. तरीहि हा आंकडा.

पुढें एकदां त्या घरीं जाणें झालें तेव्हां हा हिशेब आम्हीं आजीबाईंस सांगितला. नातवानें तो वहींत मांडून दाखविला. धाकटी नात त्यांच्या मांडीवर होती. त्या बराच वेळ कांहीं बोलल्या नाहींत. मग "हजारीं अठ्ठावन्न... या पोरी कुणाच्या घरच्या रे?" एवढेंच त्यांनीं विचारलें.