पाय गेला, चालणे गेले नाही

वाडीत एखाद्याचा पाय कापावा लागला, की घरची माणसे दवाखान्यातून परततानाच मनाशी ठरवून टाकतात, आता हा बसूनच राहणार. पडवीत खाट पडते, कुबड्या भिंतीला टेकतात आणि काल कमावणारे माणूस आज दुसऱ्याच्या हाताकडे बघत बसते. महामार्गावरचा अपघात असो, महाडच्या औद्योगिक वसाहतीतले यंत्र असो की मधुमेहात चिघळलेली जखम, शेवट असाच धरला जातो. तुडीलपासून पोलादपूरपर्यंतच्या बौद्धवाड्यांतील बंधू-भगिनींना आम्ही एवढेच सांगू, की कृत्रिम पाय लावून माणूस पुन्हा चालू शकतो, कामालाही जाऊ शकतो. तो पाय कसा असावा, कधी बसवावा आणि कुठे मिळतो, हे मात्र घरच्यांना माहीत हवे.

पूर्वी आपल्याकडे जे कृत्रिम पाय मिळत, ते परदेशी धर्तीचे होते. त्यांवर बूट घालावाच लागे. ते घोट्यात वळत नसत, पाण्याने खराब होत. खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला ते चालून जात. पण ज्याला अनवाणी बांधावरून जायचे, उकिडवे बसायचे, मांडी घालून जेवायचे, त्याचे काय? असे पाय लोक घरी ठेवून देत आणि पुन्हा कुबड्या घेत.

जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात १९६८ च्या सुमारास यावर उपाय निघाला. तिथे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. प्रमोद करण सेठी होते आणि रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर होते. शर्मांचे शालेय शिक्षण जेमतेम चौथीपर्यंतचे, पण हातात कला होती. रबर आणि लाकूड वापरून, साच्यात तापवून त्यांनी खऱ्या पायासारखा दिसणारा, घोट्यात सगळीकडे वळणारा पाय घडवला. तो बुटाशिवाय चालतो, चिखलपाण्यात चालतो. हाच ‘जयपूर फूट’. डॉ. सेठींना १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शर्मांचे नाव मात्र आजही थोड्यांनाच ठाऊक आहे. हाताने काम करणाऱ्याचे श्रेय मागे राहते, हे आपल्याला नवे नाही.

यातून आपण घ्यायचा धडा सोपा आहे. पाय बसवायला जाल तेव्हा आपले रोजचे जगणे तिथे मोकळेपणाने सांगा. लावणीच्या चिखलात उतरावे लागते का, घाटी चढावी लागते का, विहारात वंदनेला खाली बसायचे आहे का, हे कळल्याशिवाय योग्य पाय ठरत नाही. गुडघा शाबूत असेल तर चालणे बरेच सोपे जाते. गुडघ्याच्या वरून पाय गेला असेल तर कृत्रिम गुडघाही लागतो. त्यातही सुधारणा होत आहेत. जयपूरची संस्था आणि अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने मिळून कमी खर्चाचा गुडघा तयार केला. आयआयटी मद्रासने २०२२ मध्ये ‘कदम’ हा देशी गुडघा आणला. स्नायूंच्या हालचालीचे संकेत ओळखून मूठ मिटणारे हातही निघाले आहेत, पण ते महाग आहेत.

बसवण्याआधीची आणि नंतरची काळजी घरच्यांच्या हाती आहे. शस्त्रक्रियेनंतर गुडघ्याखाली उशी ठेवू नका. आराम वाटतो, पण सांधा वाकलेलाच आखडतो आणि मग पाय नीट बसत नाही. सूज उतरण्यासाठी पट्टी कशी बांधायची, व्यायाम कोणते करायचे, हे दवाखान्यातच शिकून घ्या. जखम पूर्ण भरली की माप देण्यास उशीर लावू नका. पाय बसल्यावर कापलेला भाग रोज रात्री साबणाने धुऊन कोरडा करा आणि आरशात पाहा. लाली जात नसेल, फोड आला असेल तर पाय काढून ठेवा आणि सॉकेट, म्हणजे वरची वाटी, दुरुस्त करून घ्या. पावसाळ्यात ओला मोजा तसाच ठेवू नका. मधुमेह असेल तर दुसरा पायही रोज तपासा. तिथे जखम झाली तरी पुष्कळदा दुखत नाही.

मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५ पासून आहे. तिथे कृत्रिम अवयव बनतात. पुण्यात १९४४ मध्ये जखमी सैनिकांसाठी सुरू झालेले कृत्रिम अवयव केंद्र आहे. तिथे नागरिकांनाही अवयव मिळतात. जयपूर फूट देणारी भगवान महावीर विकलांग सहायता समिती १९७५ पासून मोफत काम करते. केंद्र सरकारच्या ‘एडिप’ योजनेतही साहित्य मिळते. एकदा माप द्यायला, एकदा घालून बघायला, असे हेलपाटे पडतात. तेव्हा मुक्कामाची सोय वाडीच्या मुंबई मंडळाने करावी. मंडळाने अंगावर घ्यावे असे हे काम आहे.

सर्वांत आधी युडीआयडी कार्ड काढा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ प्रमाणे पुष्कळशा सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो कुठे गेला, हे ग्रामसभेत उभे राहून विचारा. हा कोणाचा उपकार नाही, हक्क आहे.

तुमच्या वाडीत कोणी पाय गमावून घरात बसले असेल, तर या आठवड्यात त्याच्या घरी जा. कार्ड आहे का, माप दिले का, मिळालेला पाय खुंटीला तर टांगलेला नाही ना, एवढे विचारा. येत्या २० मार्चला चवदार तळ्यावर तो आपल्यासोबत चालत यावा.