मुलांची चित्रे जपा, नावानिशी जपा

मुलाने काढलेले चित्र आपल्या घरात किती दिवस टिकते? पहिले आठ दिवस ते भिंतीवर असते. पाहुणे आले की कौतुकाने दाखविले जाते. पुढे त्याला तेलाचा हात लागतो, पावसाळ्यात ओल धरते, कोपरे दुमडतात आणि शाळेचे वर्ष संपले की जुन्या वह्यांबरोबर ते रद्दीत जाते. यात आईवडिलांचा दोष नाही. एका खोलीत चार-पाच माणसांचा संसार असेल तर अंथरुणाला आणि पाण्याच्या पिंपाला आधी जागा लागते. चित्राच्या कागदाला जागा कोठून आणायची?

तरीही हा विषय किरकोळ समजू नये. आपल्या आजी-आजोबांपैकी ज्यांना शाळा मिळाली, त्यांनी चित्रे पाटीवर काढली आणि ओल्या फडक्याने पुसून टाकली. त्यांच्या बालपणाची एकही खूण आज आपल्या हाती नाही. ज्या घरांत कागद जपले गेले, त्या घरांचा इतिहास लिहिला गेला. ज्यांच्याकडे कागदच नव्हता, त्यांच्याविषयी इतरांनी लिहिले आणि तेच खरे मानले गेले. आज बहुतेक घरांत कॅमेरा असलेला मोबाईल आहे. जागेची अडचण त्याने दूर केली आहे. आता प्रश्न आहे तो आपल्या सवयीचा.

नावाचे मोल

मुलांच्या चित्रांचे मोल काय असते, हे एका उदाहरणावरून समजेल. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी आजच्या चेक प्रजासत्ताकातील तेरेझिन या गावी ज्यूंना कोंडून ठेवले होते. तेथे फ्रीडल डिकर-ब्रँडाइस या चित्रकर्तीला डिसेंबर १९४२ मध्ये आणले गेले. कागदाची टंचाई असताना, मिळेल त्या वापरलेल्या कागदावर तिने कैदेतील मुलांना चित्रकला शिकविली. प्रत्येक मुलाने चित्रावर आपले नाव लिहावे, असा तिचा आग्रह असे. ऑक्टोबर १९४४ मध्ये तिला आउशवित्झच्या छळछावणीत पाठवून ठार मारण्यात आले. जाण्यापूर्वी तिने सुमारे साडेचार हजार चित्रे दोन सुटकेसमध्ये भरून लपवून ठेवली होती. युद्ध संपल्यावर ती बाहेर आली. आज ती प्राग येथील ज्यू संग्रहालयात आहेत.

त्या मुलांपैकी बहुतेक जण वाचले नाहीत. परंतु चित्रांवर नावे होती, म्हणून कोणते चित्र कोणाचे, ते मूल कधी जन्मले आणि त्याचे पुढे काय झाले, हे शोधता आले. नाव नसते तर ती केवळ फुले, घरे आणि फुलपाखरे राहिली असती.

स्पेनमधील १९३६ ते १९३९ च्या यादवी युद्धात मुलांनी काढलेल्या सहाशेहून अधिक चित्रांचा संग्रह अमेरिकेत सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. ग्रंथालयाने ती चित्रे संगणकावर उतरवून इंटरनेटवर सर्वांसाठी खुली केली. मूळ कागद एका कपाटात सुरक्षित राहिला आणि चित्र जगभर पोहोचले. जपणे आणि वाटणे या दोन गोष्टी एकाच वेळी कशा साधतात, ते येथे दिसते. आपल्या घरातही हेच लहान प्रमाणावर करता येते.

फोटो कसा काढावा

त्यासाठी महागडा फोन लागत नाही. पुढील गोष्टी सांभाळाव्यात.

चित्र दुमडलेले असेल तर रात्रभर जड पुस्तकांखाली ठेवावे. सकाळी दाराजवळ किंवा खिडकीखाली, जेथे उजेड भरपूर पण ऊन थेट पडत नाही, अशा जागी ते सपाट ठेवावे. फ्लॅश बंद ठेवावा. मेणाच्या खडूवर फ्लॅश चमकतो आणि रंग दिसेनासा होतो. मोबाईल कागदाच्या बरोबर वर, समांतर धरावा. तिरका धरला तर चौकोनी कागद वाकडा दिसतो. आपली सावली चित्रावर पडू देऊ नये. कागदाच्या चारही कडा फोटोत याव्यात.

कागदपत्रे स्कॅन करण्याची जी ॲप असतात, ती कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून फिकट रंग उडवून टाकतात. सातबारा किंवा दाखल्यासाठी ती ठीक आहेत. चित्रासाठी साधा कॅमेराच बरा. पेन्सिलीचे बारीक काम असेल तर झेरॉक्सच्या दुकानात स्कॅनरवर किमान ३०० डीपीआय ठेवून रंगीत स्कॅन करून घ्यावे.

चित्राच्या मागच्या बाजूचाही फोटो घ्यावा. मागे नाव, वय, तारीख आणि गाव पेन्सिलीने लिहावे. आणखी एक काम अवश्य करावे. मुलाला विचारावे, "यात काय आहे, सांग." त्याचे उत्तर मोबाईलवर एक मिनिट रेकॉर्ड करावे. आपल्याला जो नुसता गिरगोटा दिसतो, त्यात त्याची आजी विहिरीवर उभी असते. हे त्याच दिवशी विचारले तरच कळते. सहा महिन्यांनी त्यालाही सांगता येत नाही.

मोबाईल हीसुद्धा पाटीच

येथे अनेक पालक फसतात. फोटो काढला म्हणजे चित्र जपले, असे त्यांना वाटते. परंतु मोबाईल हरवतो, पाण्यात पडतो, दोन-चार वर्षांत बदलतो. "जागा भरली" असा संदेश आला की घाईघाईत शेकडो फोटो पुसले जातात. आजोबांची पाटी फडक्याने पुसली जात होती, ही बोटाने पुसली जाते, एवढाच फरक.

म्हणून प्रत्येक चित्राच्या किमान तीन प्रती ठेवाव्यात: एक मोबाईलमध्ये, दुसरी पेनड्राईव्ह किंवा संगणकावर, तिसरी इंटरनेटवरील खात्यात. पेनड्राईव्ह शक्यतो मामाकडे किंवा मावशीकडे ठेवावा, म्हणजे घरात पाणी शिरले तरी प्रत सुरक्षित राहील. गुगलच्या एका खात्यावर १५ जीबी जागा मोफत मिळते. एक फोटो ३ एमबीचा धरला तर त्यात सुमारे ५००० चित्रे मावतील. मात्र त्याच जागेत ई-मेलही असतात, आणि १ जून २०२१ पासून चढविलेले फोटोही त्यात मोजले जातात. खाते सलग दोन वर्षे न वापरल्यास कंपनी ते सर्व मजकुरासह बंद करू शकते. तेव्हा खाते अधूनमधून उघडावे आणि पासवर्ड घरच्या वहीत लिहून ठेवावा.

फाईलला आधी वर्ष, मग महिना व दिवस, त्यानंतर मुलाचे नाव व वय असे नाव द्यावे. सर्व चित्रे आपोआप क्रमाने लागतात. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांना बसणाऱ्या मुलांना आपला हात कसा सुधारत गेला, हे त्यावरून स्वतःच पाहता येते.

मूळ कागद सगळे नाही, पण वर्षातली निवडक दहा-बारा चित्रे तरी ठेवावीत, आणि ती मुलानेच निवडावीत. स्केचपेनचा रंग उजेडाने उडतो, म्हणून ती फाईलमध्ये, कोरड्या जागी, ओल व कसर यांपासून दूर ठेवावीत.

वाटताना घ्यावयाची काळजी

गावाकडच्या आजीला नातीचे चित्र दाखविणे ही आनंदाची गोष्ट आहे. पण व्हॉट्सॲपवर नेहमीप्रमाणे पाठविलेला फोटो आकाराने लहान होतो आणि बारकावे जातात. जपून ठेवायचा असेल तर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवावा.

घरच्यांसाठी नाव हवेच. अनोळखी जगासाठी नको. सर्वांना दिसेल अशा ठिकाणी चित्र टाकताना पूर्ण नाव, शाळा, पत्ता देऊ नये. गणवेशातील मुलाचा फोटो सोबत जोडू नये. पहिले नाव आणि वय पुरेसे आहे. आणि टाकण्यापूर्वी मुलाला विचारावे. ते नको म्हणाले तर आग्रह धरू नये. सहा वर्षांच्या मुलालाही स्वतःचे मत असते.

कायदाही येथे मुलाच्या बाजूने आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र काढणारा हाच चित्राच्या हक्काचा पहिला मालक होय. त्यासाठी वयाची अट नाही. हा हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तसे लेखी द्यावे लागते. म्हणून स्पर्धेच्या फॉर्मवर सही करण्यापूर्वी त्यातील अटी वाचाव्यात. जयंतीच्या कार्यक्रमात, शाळेत, मंडळात चित्रकला स्पर्धा होतात. बक्षीस मिळते, पण चित्र बहुधा परत येत नाही. तेव्हा चित्र देण्यापूर्वीच त्याचा फोटो काढून ठेवावा. आयोजकांनीही निकालानंतर चित्रे परत करण्याची पद्धत पाडावी. निदान सर्व चित्रांचे फोटो नावानिशी पालकांना द्यावेत. ज्याला बक्षीस मिळाले नाही, त्याच्याही चित्राचा फोटो असावा.

पालकांनी येत्या रविवारी एवढे करावे. घरात असतील ती चित्रे काढावीत, मुलाला शेजारी बसवावे आणि दहा चित्रांचे फोटो घ्यावेत. प्रत्येकाच्या मागे त्याचे नाव त्यालाच लिहू द्यावे. अक्षर वेडेवाकडे आले तरी चालेल. हे चित्र आपण काढले आणि घराने ते जपण्याजोगे मानले, एवढे त्या मुलाला कळले पाहिजे.