उभ्याने करायची प्रार्थना: तोंड कुठे, पाऊस केव्हा?

जळगाव-भुसावळहून मुंबईला येणारी गाडी सीएसएमटीत शिरण्याआधी मशीद स्थानक ओलांडते. स्थानकाजवळच्या सॅम्युअल स्ट्रीटवर बेने इस्रायल समाजाचे सिनॅगॉग आहे. सॅम्युअल इझिकेल दिवेकर यांनी ते १७९६ मध्ये उभारले, आणि स्थानकाला नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणाऱ्या या ज्यूंची मुख्य प्रार्थना म्हणजे अमिदा. ती उभ्याने, रोज तीन वेळा म्हणायची असते. आपल्याकडे मात्र तिच्याविषयी ऐकीव माहितीच फार.

ज्यू पूर्वेकडे तोंड करून प्रार्थना करतात, असे अनेकांना वाटते. ती रीत युरोपातली. मूळ नियम जेरुसलेमकडे तोंड करण्याचा आहे, आणि पेण, पुणे किंवा धुळे, कुठूनही जेरुसलेम पश्चिमेलाच येते. दिशेचा हट्टही नाही. सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या मिश्ना ग्रंथात सांगितले आहे की गाढवावरून जाणाऱ्याने खाली उतरावे, ते शक्य नसेल तर तोंड वळवावे, तेही जमत नसेल तर मन तिकडे लावावे. आजारी माणसाने बसून, अगदी पडूनही म्हटली तरी चालते.

ही प्रार्थना मनातल्या मनात करतात, हेही खरे नाही. पाय जुळवून उभे राहायचे, ओठ हलवायचे आणि आपल्याच कानाला ऐकू येईल इतक्या आवाजात म्हणायची. हा धडा बायबलमधल्या हन्नाचा. मूल व्हावे म्हणून ती देवापुढे नुसते ओठ हलवत होती, तेव्हा एली याजकाला वाटले, बाई प्यायलेली आहे! वाकायचे तेही ठरलेल्या चार ठिकाणीच. भक्तीच्या भरात कोणी अमिदेतल्या प्रत्येक आशीर्वचनाला वाकू लागला, तर तसे करू नको म्हणून त्याला शिकवावे, असे तालमुद हा ज्यू धर्मग्रंथ सांगतो. मला हा नियम फार मोलाचा वाटतो.

पायाशी साप आला तरी प्रार्थना थांबवू नये, हे वाक्य पुष्कळांना ठाऊक असते. पुढचे कोणी सांगत नाही. विंचू असेल तर थांबावे, आणि साप चवताळलेला असेल तरीही थांबावे.

हिब्रू येत नसेल तर? सोळाव्या शतकातला 'शुल्हान आरुख' हा ज्यू नियमग्रंथ समुदायाबरोबर कोणत्याही भाषेत म्हणायला मुभा देतो. एकोणिसाव्या शतकात जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले.

आपल्या शेतकऱ्याला सगळ्यात जवळचा वाटेल तो पावसाचा नियम. इस्रायलबाहेर अमिदेत पाऊस मागायला ४ किंवा ५ डिसेंबरच्या संध्याकाळी सुरुवात होते आणि वसंतातल्या पेसाह सणाला ते थांबते. खानदेशात तेव्हा कापसाची वेचणी चालू असते. पाऊस आला तर बोंडातला कापूस भिजून वाया जायचा. म्हणून काही जण समजतात की भारतातल्या ज्यूला ऐन पावसाळ्यात पाऊस मागताच येत नाही. हाच प्रश्न निनवे या प्राचीन शहरातल्या लोकांनी फार पूर्वी विचारला होता, असे तालमुद सांगतो. त्यांनाही तम्मुझ महिन्यात, म्हणजे जून-जुलैच्या सुमारास, पाऊस लागे. त्यांना उत्तर मिळाले की वर्षाच्या पिकासाठीच्या ठरीव आशीर्वचनात बदल करू नका. 'प्रार्थना ऐकणारा' या आशीर्वचनात प्रत्येकाने आपापली मागणी घालावी. मृग कोरडा गेला आणि आर्द्राही बरसेना, तर महाराष्ट्रातल्या ज्यूला पाऊस मागायची जागा तिथे आहे.