जुन्या संगणकाला नवा कारभारी

आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेला आणि आता कापडाखाली झाकून ठेवलेला संगणक तुमच्यापैकी अनेकांच्या घरी असेल. पडदा उजळतो, कळा चालतात, पंखाही फिरतो. पण “हा आता जुना झाला, याच्यावर नवे काही चालत नाही,” असा शेरा त्याच्यावर बसलेला असतो. हा शेरा कितपत खरा आहे?

विचार करा. संगणकाच्या प्रोसेसरमध्ये हलणारा किंवा घासला जाणारा एकही भाग नसतो. दहा वर्षांपूर्वी तो सेकंदाला जितक्या बेरजा करीत होता, जवळजवळ तितक्याच आजही करू शकतो. मग म्हातारे झाले ते काय? बहुतेक वेळा यंत्र नव्हे, तर त्या यंत्राचा कारभार पाहणारी आज्ञावली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिम. मराठीत आपण तिला कार्यप्रणाली म्हणू.

ताजे उदाहरण घ्या. विंडोज-१० या कार्यप्रणालीला मिळणारी नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. नावनोंदणी करणाऱ्यांना काही काळाची वाढीव मुदत मिळाली, एवढेच. तिच्या जागी येणाऱ्या विंडोज-११ साठी मात्र टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय आणि साधारणपणे २०१७ नंतरचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे असंख्य धडधाकट संगणक एका तारखेला ‘कालबाह्य’ ठरले. असा संगणक त्या दिवशी बंद पडत नाही. पण त्यातील आज्ञावलीत पुढे जे दोष सापडतील ते बुजवले जात नाहीत. कडी मोडलेल्या दारासारखी ही स्थिती असते. घर उभे असते, पण सुरक्षित नसते.

यावर एक उपाय म्हणजे कारभारीच बदलणे.

कारभारी करतो तरी काय?

मोठ्या वाड्यातील कारभारी डोळ्यांसमोर आणा. कोणाला कोणती खोली द्यायची, कोठाराची किल्ली कोणाकडे, आलेल्या निरोप्याला कोणाकडे धाडायचे, हे सारे तो ठरवतो. कार्यप्रणालीही तेच करते. तुम्ही एकाच वेळी गाणे ऐकता, निबंध लिहिता आणि चित्र उघडता, तेव्हा प्रोसेसरचा वेळ तीनही कामांना आळीपाळीने वाटून देणे, रॅममधली जागा नेमून देणे, फाइल डिस्कवर कोठे ठेवली त्याची नोंद ठेवणे, ही तिची कामे. या प्रणालीच्या मध्यवर्ती भागाला कर्नल, म्हणजे गाभा म्हणतात.

कारभारी बदलला म्हणून वाडा बदलत नाही. तसेच कार्यप्रणाली बदलली तरी यंत्र तेच राहते.

झाकणामागचा आराखडा

व्हॉल्व्हचे रेडिओ होते त्या काळी अनेक संचांच्या पेटीत आतल्या बाजूला त्यांची मंडलाकृती चिकटवलेली असे. कोणता रोध कोठे, कोणता धारित्र कोठे, हे दुरुस्ती करणाऱ्याला पाहता येई. मालकाला ती समजत नसली, तरी समजणारा माणूस गावात मिळे.

आज्ञावलीचीही अशी मंडलाकृती असते. माणूस जी आज्ञावली लिहितो ती वाचता येते. तिला मूळ संहिता म्हणतात. यंत्रासाठी तिचे शून्य व एक या अंकांच्या मालिकेत रूपांतर करतात. ही मालिका हाती आली तरी तिच्यावरून मूळ संहिता ओळखणे फार अवघड. अनेक कंपन्या फक्त हे रूपांतर विकतात. ज्या आज्ञावलीची मूळ संहिता सर्वांना वाचायला, बदलायला आणि वाटायला मोकळी असते, ती मुक्तस्रोत आज्ञावली.

ही कल्पना एका छपाईयंत्राच्या कटकटीतून पुढे आली, ही गोष्ट ऐकण्याजोगी आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत रिचर्ड स्टॉलमन हे आज्ञावलीकार काम करीत. तेथील जुन्या छपाईयंत्रात कागद अडकला की वापरणाऱ्यांना सूचना जावी, अशी सुधारणा त्यांनी आज्ञावलीत केली होती. नव्या यंत्राची मूळ संहिता मात्र मिळेना. त्यामुळे कागद तर अडके, पण सुधारणा करता येईना. पुढे १९८३ साली स्टॉलमन यांनी संपूर्ण मुक्त कार्यप्रणाली उभारण्याचा ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला. १९८९ साली त्यांनी एक परवानाही तयार केला. त्याची मुख्य अट अशी, की आज्ञावली बदलून दुसऱ्याला द्यायची असेल, तर तिची मूळ संहिता आणि तेच स्वातंत्र्यही त्याला दिले पाहिजे.

ग्नूजवळ बरीच साधने तयार झाली होती; चांगला गाभा मात्र नव्हता. ती उणीव भरून काढली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या एका २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने. लिनस टोरवाल्ड्स हे त्याचे नाव. १९९१ साली त्याने घरच्या संगणकासाठी छंद म्हणून लिहिलेला गाभा इतरांना खुला केला. पहिल्या आवृत्तीत सुमारे १०,००० ओळी होत्या. जगभरच्या हजारो लोकांच्या हातभाराने आज त्या तीन कोटींच्या पुढे गेल्या आहेत. हाच लिनक्स. अँड्रॉइड फोनचा गाभा लिनक्सच आहे. जगातील ५०० सर्वांत वेगवान महासंगणकांची यादी निघते. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्या यादीतील सर्वच्या सर्व यंत्रे लिनक्सवर चालणारी होती. आणि १९ एप्रिल २०२१ रोजी मंगळावर उडालेल्या ‘इन्जेन्युइटी’ या छोट्या हेलिकॉप्टरातही लिनक्सच होते!

लिनक्सच्या गाभ्याभोवती निरनिराळ्या गटांनी पूर्ण प्रणाली रचल्या आहेत. डेबियन, उबुंटू, मिंट ही त्यांतील काही नावे. आपल्या सी-डॅक संस्थेने डेबियनच्या आधारे ‘बॉस’ नावाची भारतीय प्रणाली तयार केली. केरळातील सरकारी शाळांनी तर मुक्तस्रोत प्रणालीवर संगणक शिकवण्याचा मार्ग फार पूर्वीच धरला.

बटण दाबल्यावर काय घडते?

अदलाबदल कशी शक्य होते हे कळण्यासाठी एवढे समजून घ्या. संगणकाचे बटण दाबताच प्रोसेसर प्रथम मुख्य फळीवरील एका लहानशा चिपमधल्या सूचना वाचतो. या सूचना रॅम, कळफलक वगैरेंची हजेरी घेतात आणि मग कार्यप्रणाली शोधू लागतात: डिस्कवर आहे का? पेनड्राइव्हवर आहे का? शोधाचा हा क्रम आपल्याला बदलता येतो. पेनड्राइव्हचा क्रमांक पहिला लावला, की त्यावरील कार्यप्रणाली रॅममध्ये उतरते आणि कारभार हाती घेते. घरच्या डिस्कला तिने हातही लावलेला नसतो. यालाच ‘लाइव्ह’ पद्धत म्हणतात. पेनड्राइव्ह काढून संगणक पुन्हा सुरू केला की जुना कारभारी जागेवर हजर!

कारभार हाती घेताच गाभा जोडलेल्या उपकरणांची चौकशी करतो. प्रत्येक यूएसबी उपकरण आपल्या उत्पादकाचा क्रमांक आणि वस्तूचा क्रमांक सांगते. त्यावरून गाभा योग्य ‘ड्रायव्हर’, म्हणजे त्या उपकरणाची भाषा जाणणारा दुभाषा, निवडतो. उत्पादकाने उपकरणाची माहिती खुली केली नसेल तर असा दुभाषा तयार करणे कठीण जाते. लिनक्सवर एखादा प्रिंटर किंवा वाय-फाय चिप रुसून बसते, त्याचे कारण बहुधा हेच.

प्रत्यक्ष कृती

घरचा संगणक हा सर्वांचा असतो. तेव्हा वडीलधाऱ्यांना विचारल्याशिवाय पुढचे पाऊल टाकू नका.

१. घरातले फोटो, कागदपत्रे, हिशेब, सारे दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. उतरवलेल्या फाइली उघडून पाहा. हे पाऊल कधीही गाळू नये. डिस्क कुलूपबंद केलेली असेल, तर तिची पुनर्प्राप्ती-किल्ली लिहून ठेवा.

२. यंत्राची क्षमता पाहा. मिंटसाठी ६४-बिट प्रोसेसर, किमान २ जीबी रॅम आणि डिस्कवर २० जीबी जागा लागते. ४ जीबी रॅम असल्यास काम सुखाने चालते.

३. मिंटची प्रतिमा-फाइल तिच्या अधिकृत ठिकाणाहूनच घ्या आणि तिचा ‘ठसा’ तपासा. शा-२५६ या रीतीने कोणत्याही फाइलपासून २५६ बिटांची एक संख्या मिळते. अशा संख्या २ चा २५६ वा घात इतक्या, म्हणजे १ वर ७७ शून्ये याहूनही थोड्या अधिक आहेत. फाइलमधला एक बिट बदलला तरी ठसा पार निराळा येतो. तुम्ही काढलेला आणि निर्मात्यांनी जाहीर केलेला ठसा जुळला, तर फाइल वाटेत बिघडलेली नाही याची खात्री बाळगा.

४. ती फाइल ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा. नुसती नक्कल करून भागत नाही. कारण सुरुवातीच्या सूचना ठरलेल्या जागीच असाव्या लागतात. त्यासाठी रूफस, एचर अशी साधने आहेत. पेनड्राइव्हवरचा जुना मजकूर मात्र पुसला जातो.

५. संगणक सुरू होताना एफ-१२, एफ-९ किंवा एस्केप यांपैकी आपल्या यंत्राला लागू असेल ती कळ दाबून पेनड्राइव्ह निवडा. आता घाई नको. आवाज येतो का, वाय-फाय जोडले जाते का, प्रिंटर चालतो का, हे चार दिवस पाहा. पेनड्राइव्ह डिस्कपेक्षा संथ असल्याने या काळात काम थोडे रेंगाळेल.

६. सर्व ठीक वाटले तरच प्रणाली डिस्कवर बसवा. डिस्कचे दोन भाग करून जुनी आणि नवी प्रणाली शेजारी ठेवता येतात. ‘सर्व डिस्क पुसा’ हा पर्याय निवडण्यापूर्वी पहिले पाऊल पुन्हा आठवा!

कोणत्या अडचणी येतील?

विंडोजसाठी लिहिलेल्या सगळ्याच आज्ञावल्या लिनक्सवर चालत नाहीत. दुकानाचा हिशेब किंवा डिजिटल सही एखाद्या खास आज्ञावलीवर अवलंबून असेल, तर तेवढ्यासाठी जुनी प्रणाली ठेवावी लागेल. तक्ते आणि निबंध यांसाठी लिब्रेऑफिस पुरेसे आहे. मराठीची एक खास अडचण आहे: जुन्या टंकांत, उदाहरणार्थ कृतीदेवमध्ये लिहिलेला मजकूर तो टंक नसेल तेथे निरर्थक अक्षरांसारखा दिसतो. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. युनिकोड मराठी मात्र लिनक्सवर उत्तम चालते आणि इन्स्क्रिप्ट कळफलकही मिळतो.

वेगाबद्दल अवाजवी अपेक्षा ठेवू नका. मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या डिस्कला एका फेऱ्यास ११ मिलिसेकंद लागतात. हवी ती माहिती वाचकटोकाखाली येण्यास सरासरी अर्धा फेरा, म्हणजे साडेपाच मिलिसेकंद जाणारच. कारभारी बदलला म्हणून तबकडी भरधाव फिरणार नाही. तेथे फिरती तबकडी नसलेली एसएसडी बसवणे हाच उपाय.

मिळते काय?

पहिले म्हणजे यंत्राचे आयुष्य वाढते. मिंटच्या प्रत्येक मुख्य आवृत्तीला साधारण पाच वर्षे सुरक्षा-दुरुस्ती मिळते आणि पुढची आवृत्तीही विनामूल्य असते. संगणक बनवताना तांबे, सोने, ऊर्जा आणि पाणी खर्ची पडलेले असते. तो पाच वर्षे अधिक चालला, तर तेवढी वर्षे कचरा टळतो.

दुसरा लाभ तुमच्या अभ्यासाचा. स्टेलॅरियम या मुक्तस्रोत आज्ञावलीने आजच्या रात्रीचे आकाश पडद्यावर पाहता येते. दिल्लीच्या आंतर-विद्यापीठ प्रवेगक केंद्राने विकसित केलेला ‘एक्सपआइज’ हा प्रयोगसंच लिनक्सवर चालतो. त्याने विद्युत्‌दाब आणि काळ मोजून भौतिकशास्त्राचे कितीतरी प्रयोग करता येतात.

आणि तिसरा लाभ सर्वांत मोठा. ‘हे असे का चालते?’ हा प्रश्न विचारण्यावर येथे बंदी नाही. उत्तर मूळ संहितेत लिहिलेले आहे. आज ते तुम्हाला वाचता येणार नाही कदाचित. पण शिकल्यावर येईल, आणि ती वाट कोणी अडवलेली नाही.

शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. शाळेतील एखादा अडगळीतला संगणक विद्यार्थ्यांच्या हाती द्यावा. त्यांनी त्याची क्षमता नोंदवावी, लाइव्ह पद्धतीने प्रणाली तपासावी आणि काय चालले, काय चालले नाही, कशामुळे, याची वही ठेवावी. तो संगणक उपयोगी ठरला तर उत्तमच. नाही ठरला, तरी एक चांगला प्रयोग झालेला असेल.