चिप बदला, पण पिना हलवू नका

क्वालकॉम आर्डुइनो विकत घेणार, ही ऑक्टोबर २०२५ ची बातमी एव्हाना सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्यासोबत आलेल्या ‘ऊनो क्यू’ बोर्डाबद्दल जे छापून येतंय, ते जवळजवळ सगळं ड्रॅगनविंग प्रोसेसर आणि लिनक्सबद्दल आहे. मला मात्र या बोर्डाच्या कडा जास्त महत्त्वाच्या वाटतात. दोन्ही बाजूंची हेडर, म्हणजे पिनांच्या रांगा, २०१० च्या ऊनोवर होती तिथेच आहेत. सात आणि आठ नंबरच्या पिनांमधली ती प्रसिद्ध फटसुद्धा शाबूत आहे.

ही फट मुळात चूक आहे. हेडरच्या पिना एकमेकींपासून ०.१ इंचावर, म्हणजे २.५४ मिलिमीटरवर असतात. सात आणि आठमध्ये मात्र ०.१६ इंच अंतर पडलं. इटलीतल्या इव्रेया गावी २००५ साली सुरू झालेल्या या प्रकल्पाच्या सुरुवातीच्या रेखाटनात ती शिरली आणि कोणाच्या लक्षात येईपर्यंत उशीर झाला होता. झीरो पीसीबीवर स्वतःचं शील्ड, म्हणजे आर्डुइनोवर चढणारं जोडबोर्ड, बनवणाऱ्या प्रत्येकाची तिच्याशी गाठ पडते. पॉवर आणि अ‍ॅनालॉगच्या बाजूची बर्ग स्ट्रिप नीट बसते, समोरची शून्य ते सातही बसते. आठ ते तेराची पट्टी मात्र दोन भोकांच्या अधेमधे येते. मग पकडीने एकेक पिन वाकवायची, तिरकीच सोल्डर करायची आणि जोर न लावता ती हेडरमध्ये सरकते का ते पाहायचं.

ही चूक दुरुस्त केली नाही, हा आर्डुइनोचा सर्वांत शहाणा निर्णय होता असं माझं ठाम मत आहे. शील्ड तोवर लोकांच्या हाती गेली होती. फट बुजवली असती तर ती सगळी एका फटक्यात बाद झाली असती. पुढे ऊनोच्या आर-३ आवृत्तीत एसडीए, एससीएल आणि आयओरेफ या पिना वाढवल्या, पण त्या रांगांच्या टोकांना. जुनी एकही पिन जागची हलली नाही. त्यामुळेच दशकापूर्वी घेतलेलं शील्ड आजच्या ऊनो क्यूवरही चढतं.

पण चढलं म्हणजे चाललंच असं नाही. जुना ऊनो ५ व्होल्टवर चालतो, ऊनो क्यूचा मायक्रोकंट्रोलर ३.३ व्होल्टवर. बोर्ड किती व्होल्टचा आहे हे शील्डला कळावं म्हणून तर आयओरेफ ही पिन आणली. पण लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत मिळणारी कितीतरी स्वस्त शील्ड ती पिन वाचतच नाहीत, सरळ ५ व्होल्ट धरून चालतात. जागा तीच ठेवून व्होल्टेज बदलायचं असेल, तर ‘३.३ व्होल्ट’ हे हेडरशेजारी ठळक छापलंच पाहिजे. शाळेतल्या टिंकरिंग लॅबमध्ये शील्ड चढवणारं मूल डेटाशीट वाचून चढवत नाही.

बटणांकडेही असंच दुर्लक्ष होतं. सुरुवातीच्या आर्डुइनोवर प्रोग्रॅम चढवताना रीसेट नेमक्या क्षणी दाबावं लागे. २००७ च्या डायेचिमिला बोर्डाने हे काम संगणकाकडे दिलं. सिरियल जोडणीची एक तार १०० नॅनोफॅरडच्या कपॅसिटरमधून रीसेटला जोडली आणि बोट लावायची गरज संपली. आर-३ मध्ये ते बटण यूएसबीजवळच्या कोपऱ्यात नेलं, कारण शील्ड चढवलं की ते खाली झाकलं जायचं. असे बदल बोर्ड रोज वापरणाऱ्यालाच सुचतात.

याउलट २०२१ चा रास्पबेरी पाय पिको. चार डॉलरमध्ये अप्रतिम बोर्ड, पण बटण एकच, बूटसेल. ते दाबून धरून केबल लावली की बोर्ड पेन ड्राइव्हसारखा दिसतो आणि फाइल ओढून टाकली की झालं. रीसेट मात्र नाही. म्हणजे या पद्धतीने नवा प्रोग्रॅम टाकायचा की केबल काढा, बटण दाबा, केबल लावा. दिवसभर हेच केल्यावर बिचाऱ्या मायक्रो यूएसबी सॉकेटचं काय होईल? २०२४ च्या पिको २ वरही रीसेट आलं नाही. उपाय साधा आहे. ब्रेडबोर्डवर एक पुश बटण लावून ३० नंबरची रन पिन २८ नंबरच्या ग्राउंडला जोडायची. पण हे बटण शिकणाऱ्याने बाहेरून का लावायचं? बोर्डावरच असायला हवं होतं.

ऊनो क्यूच्या बाबतीत खरी काळजी त्याच्या पोटाखाली आहे. कॅमेरा आणि डिस्प्लेसाठी तिथे अतिशय बारीक पिनांचे हाय-स्पीड कनेक्टर दिले आहेत. त्यात जंपर वायर जात नाही आणि घरच्या सोल्डरिंग गनने त्यांना हातही लावता येत नाही. म्हणजे बोर्डाची नवी ताकद जिथून बाहेर येते, ती जागा तयार पीसीबी विकत घेणाऱ्यासाठीच राखीव. त्या पिना साध्या ०.१ इंची हेडरवर आणणारं स्वस्त ब्रेकआउट बोर्ड कंपनीने स्वतः काढावं, त्याचं रेखाटन खुलं ठेवावं आणि पुढच्या आवृत्तीत त्या कनेक्टरची एकही पिन हलवू नये.