इंजिन घट्ट आवळले की कंप थांबतो? माउंटिंगविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

लहान मोटारीचे इंजिन आणि गिअरबॉक्स यांचे एकत्रित वजन शंभर किलोच्या वर सहज जाते. हा सगळा भार गाडीच्या सांगाड्यावर तीन-चार ठिकाणी टेकतो आणि त्या प्रत्येक ठिकाणी धातू आणि धातू यांच्यामध्ये रबर असते. गॅरेजमध्ये या भागाला कुणी माउंटिंग म्हणते, कुणी फाउंडेशन. तो सहजी दिसत नाही. बिघडला तरी गाडी लगेच बंद पडत नाही, त्यामुळे त्याच्याकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष होते. लक्ष गेलेच तर चुकीच्या समजुतीपायी उपाय उलटा होतो आणि पैसे खर्चून थरथर वाढते.

माउंटिंगचे काम इंजिनाला मोजून हलू देण्याचे आहे. एवढे पक्के समजले की पुढचे बहुतेक गैरसमज सहज सुटतात.

गैरसमज १ : इंजिन घट्ट आवळले की कंप थांबतो.

वस्तुस्थिती : कंप इंजिनाच्या आत जन्मतो. बाहेरून कितीही आवळले तरी तो थांबत नाही, उलट सरळ सांगाड्यात शिरतो आणि सीट, स्टिअरिंग, आरसे असे सगळेच थरथरू लागते.

फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडरमध्ये क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा इंधन पेटते. म्हणजे चार सिलिंडरच्या इंजिनाला प्रत्येक फेरीत दोन धक्के बसतात. आयडलिंगला इंजिन मिनिटाला ७५० फेरे घेत असेल, तर सेकंदाला साडेबारा फेरे आणि २५ धक्के. शिवाय पिस्टनच्या वर-खाली होण्यातून निर्माण होणारे बल वेगळेच. चार सिलिंडरच्या सरळ रांगेतल्या इंजिनात ते फेऱ्यांच्या दुप्पट गतीने इंजिनाला वर-खाली हलवत राहते.

सुरुवातीच्या बहुतेक मोटारींत इंजिन सांगाड्याला जवळपास थेटच आवळलेले असे आणि चार सिलिंडरच्या गाड्या थरथरीसाठी बदनाम होत्या. क्रायस्लर कंपनीने १९३१ साली प्लिमथ गाडीत ‘फ्लोटिंग पॉवर’ नावाची रचना आणली. मोकळे सोडल्यास इंजिन ज्या आसाभोवती आपसूक डोलेल, तो आस तिच्या अभियंत्यांनी शोधला आणि पुढचा रबरी आधार उंचावर, मागचा खाली असा त्या आसाला धरून बसवला. चार सिलिंडरचे साधे इंजिन चालकाला एकदम गुळगुळीत वाटू लागले. फ्रान्सच्या सिट्रोएनने लगेच या रचनेचे हक्क घेतले आणि पाण्यावर तरंगणारा हंस आपल्या गाड्यांवर चिन्ह म्हणून मिरवला. इंजिन तेच होते, फक्त त्याला हलायला जागा मिळाली होती.

गैरसमज २ : मग रबर जितके मऊ तितके चांगले.

वस्तुस्थिती : मऊपणालाही मर्यादा आहे आणि ती समजण्यासाठी थोडे गणित लागते.

आधारावर बसवलेल्या प्रत्येक वस्तूची डोलण्याची स्वतःची एक गती असते. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलके धक्के दिले तरी झोका उंच जातो, तसेच इंजिनाचे धक्के आणि माउंटिंगची स्वतःची लय जुळली तर कंप कैक पटींनी वाढतो. याला अनुनाद म्हणतात. धक्क्यांची वारंवारता माउंटिंगवरच्या इंजिनाच्या स्वतःच्या वारंवारतेच्या सुमारे १.४१ पटीच्या पुढे गेली, तरच सांगाड्याला पोचणारा कंप घटायला लागतो. त्याच्या अलीकडे रबर असून फायदा नाही, तोटाच होतो.

इंजिनाच्या वजनाने माउंटिंग साधारण ४ मिलिमीटर दबत असेल, तर ही स्वतःची वारंवारता सुमारे ८ हर्ट्झ येते. वर काढलेले धक्के सेकंदाला २५. आदर्श स्थितीच्या गणिताने अशा वेळी धक्क्याचा साधारण नववा हिस्साच सांगाड्यापर्यंत पोचतो. आता तेच माउंटिंग चौपट कडक केले तर स्वतःची वारंवारता दुप्पट, म्हणजे १६ हर्ट्झ होते आणि पोचणारा हिस्सा जवळपास ७० टक्क्यांवर जातो. घट्ट आवळण्याचा तोटा तो हाच.

तीन सिलिंडरच्या गाड्या आयडलिंगला जास्त का थरथरतात, तेही यातून कळते. त्याच ७५० फेऱ्यांना तिथे सेकंदाला १९ च्या आत धक्के बसतात. धक्के संथ झाल्याने ते ८ हर्ट्झच्या जवळ येतात आणि त्याच माउंटिंगमधून दुप्पट कंप पलीकडे जातो. इंजिन बंद करताना शेवटी एक झटका जाणवतो, त्याचेही कारण हेच. थांबता थांबता इंजिन या अनुनादाच्या टप्प्यातून जाते.

मग आणखी मऊ रबर का वापरत नाहीत? कारण माउंटिंगला इंजिन धरूनही ठेवायचे असते. आडव्या इंजिनाच्या, पुढच्या चाकांनी ओढणाऱ्या गाडीत चाकांना मिळणाऱ्या पूर्ण टॉर्कची प्रतिक्रिया माउंटिंगवर येते. इंजिनाचा टॉर्क ११० न्यूटन-मीटर असेल आणि पहिल्या गिअरमध्ये तो साधारण चौदा पट होत असेल, तर हा पीळ १,५०० न्यूटन-मीटरच्या वर जातो. अतिमऊ रबरावर इंजिन प्रत्येक क्लचला मागे-पुढे आपटेल आणि खड्ड्यात गेल्यावर उसळेल.

म्हणून कामाची वाटणी केलेली असते. दोन माउंटिंग मुख्यतः वजन पेलतात. इंजिनाचे डोलणे आवरायला खाली एक दांडी असते, तिला टॉर्क रॉड म्हणतात. शिवाय रबर दाबले तर कडक असते आणि सरकवले तर मऊ, या गुणाचा फायदा घेऊन ते तिरके बसवतात. त्यात मुद्दाम पोकळ्याही ठेवतात. थोड्या हालचालीला रबर मऊ राहते, हालचाल वाढली की पोकळी मिटते आणि तेच रबर अडसर होते. ती पोकळी पाहून ‘माउंटिंग फाटले’ असा निष्कर्ष काढू नये.

गैरसमज ३ : रबर ते रबर. फट बुजवली, वॉशर घातला, वरून ऑइल मारले की भागते.

वस्तुस्थिती : चांगले माउंटिंग बहुधा नैसर्गिक रबरापासून बनते, कारण वारंवारच्या ताणाला ते चिवटपणे टिकते. त्यात काजळी आणि गंधक मिसळून उष्णतेने ते पक्के करतात. १८३९ साली चार्ल्स गुडइयरने शोधलेल्या व्हल्कनायझेशनचीच ही प्रक्रिया. त्याच वेळी ते धातूच्या पत्र्याला रासायनिक चिकट थराने जोडले जाते. मिश्रण किती कडक ठेवायचे हे त्या विशिष्ट इंजिनाच्या वजनावर आणि गतीवर ठरते.

पोकळीत ट्यूबचे तुकडे कोंबले किंवा चिकट पदार्थ भरला, तर वरच्या गणितातला कडकपणा बदलतो आणि थरथर वाढते. शर्यतीच्या गाड्यांत पॉलियुरेथेनची कडक माउंटिंग घालतात. तिथे इंजिन जराही सरकू नये ही गरज असते आणि कंप सोसण्याची तयारीही असते. रोजच्या गाडीत ती घातली तर केबिनमध्ये सतत घरघर येते.

सगळ्यात घातक सवय म्हणजे धुलाईनंतर गाडीच्या खालून डिझेल किंवा जुने ऑइल फवारणे. नैसर्गिक रबर खनिज तेलाने फुगते, मऊ पडते आणि धातूपासून सुटू लागते. इंजिनाची ऑइल गळती माउंटिंगवर ठिबकत असेल तर आधी गळती थांबवा, मग माउंटिंग बदला. नाहीतर नवेही त्याच वाटेने जाईल.

गैरसमज ४ : रबर धड दिसते, मग थोडे पाणी झिरपले तर काय बिघडले?

वस्तुस्थिती : आजच्या अनेक मोटारींत एखादे माउंटिंग द्रव भरलेले असते. आत दोन कप्पे आणि त्यांना जोडणारी अरुंद, लांब वाट असते. द्रव बहुधा ग्लायकॉल आणि पाण्याचे मिश्रण असतो. खड्ड्यात इंजिन जोरात हलले की द्रव त्या वाटेने रेटला जातो आणि हालचाल शमवतो. आयडलिंगच्या बारीक कंपाला मात्र आतला एक सुटा पडदा थोडा हलतो आणि द्रवाला वाटेत ढकलत नाही, म्हणून माउंटिंग मऊ राहते. आवरणे आणि मऊ राहणे ही दोन परस्परविरोधी कामे एकाच भागात साधण्याची ही युक्ती आहे.

द्रव गळून गेला की उरते एक दुबळे रबर. माउंटिंगच्या खाली ओला किंवा काळपट चिकट ओघळ दिसला, तर रबर शाबूत असले तरी तो भाग निकामी झाला असे समजावे. त्यात द्रव पुन्हा भरता येत नाही.

गैरसमज ५ : गाडी थरथरते म्हणजे माउंटिंगच गेले.

वस्तुस्थिती : याच समजुतीपायी सर्वाधिक पैसे वाया जातात. माउंटिंग कंप निर्माण करत नाही, फक्त अडवते. म्हणून आधी कंप कुठून येतो ते पाहावे.

- ताशी ८०-१०० किलोमीटरच्या आसपासच स्टिअरिंग थरथरत असेल आणि उभ्या गाडीत इंजिनाचे फेरे वाढवून काही जाणवत नसेल, तर चाकांचे बॅलन्सिंग आणि टायर तपासा.
- आयडलिंगला इंजिन अडखळत, मध्येच ठेचाळत चालत असेल आणि इंजिनाचा दिवा लागला असेल, तर एखादा सिलिंडर नीट पेटत नाही. स्पार्क प्लग, कॉइल, इंजेक्टर, थ्रॉटल बॉडी यांच्याकडे आधी पाहा.
- इंजिन एकसारखे चालते, पण आयडलिंगला सीट आणि स्टिअरिंग थरथरतात, एसी लावल्यावर थरथर वाढते, फेरे थोडे वाढवले की कमी होते, अशा वेळी संशय माउंटिंगवर घ्यावा.
- क्लच सोडताना किंवा रिव्हर्स टाकताना ‘धप्’ आवाज येत असेल तर टॉर्क रॉड आणि त्याचे बुश पाहा.

आणखी एक कारण नेहमी सुटते. माउंटिंग उत्तम असूनही सायलेन्सरचा पाइप, एसीची नळी किंवा इंजिनाखालचा पत्रा सांगाड्याला टेकत असेल, तर कंप त्या वाटेने आत येतो. सायलेन्सरच्या रबरी हँगरची किंमत किरकोळ असते. आधी ते तपासून घ्यावेत.

गैरसमज ६ : फाटलेल्या माउंटिंगने थोडा त्रास होतो, नुकसान काही नाही.

वस्तुस्थिती : एक माउंटिंग गेले की त्याचा भार उरलेल्यांवर येतो आणि तीही लवकर जातात. इंजिन गरजेपेक्षा जास्त हलू लागले की ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटवर ताण येतो, सायलेन्सरचा लवचीक जोड तडकतो, होज आणि वायरी घासतात, गिअर अडकत पडतात. एका रबराची दुरुस्ती टाळल्याने चार महागड्या दुरुस्त्या उभ्या राहतात.

गैरसमज ७ : नवे माउंटिंग बसवून बोल्ट आवळले की काम संपले.

वस्तुस्थिती : रबर पिळलेल्या अवस्थेत आवळले गेले तर ते पहिल्या दिवसापासून ताणात राहते आणि नवे असूनही कंप पोचवते. योग्य पद्धत अशी : इंजिनाला जॅक आणि लाकडी ठोकळ्याचा आधार द्यायचा, सगळे बोल्ट आधी सैल लावायचे, इंजिन आपल्या जागी बसू द्यायचे आणि मग कंपनीने सांगितलेल्या क्रमाने, टॉर्क रेंचने पक्के करायचे. काही बोल्ट एकदाच वापरायचे असतात, ते नवेच घ्यावेत. माउंटिंगला ठरावीक किलोमीटरचे आयुष्य नसते. उष्णता, तेल आणि रस्ते त्याचे वय ठरवतात.

गैरसमज ८ : कंप कमी करायचा उपाय रबर हाच एक.

वस्तुस्थिती : कंप उगमाशीच कमी करता येतो. सहा सिलिंडरच्या सरळ रांगेतल्या इंजिनात पिस्टनची मुख्य बले एकमेकांना रद्द करतात. काही इंजिनांत उलट वजनाचा बॅलन्सर शाफ्ट असतो. रॉयल एनफिल्डने २०२० साली मीटिऑर ३५० मध्ये तो दिला आणि या गाड्यांची ओळखीची थरथर बरीच कमी झाली. याउलट ब्रिटिश नॉर्टन कंपनीने १९६७ मध्ये मांडलेल्या कमांडो मोटरसायकलमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचे चाक हे सगळेच रबरावर बसवून चालकापासून वेगळे केले होते. पोर्शने ९११ जीटी३ मध्ये चुंबकीय क्षेत्राने घट्टपणा बदलणारा द्रव माउंटिंगमध्ये वापरला. शांत चालवताना तो मऊ असतो, वेगात कडक होतो.

गैरसमज ९ : इलेक्ट्रिक गाडीत इंजिनच नाही, मग माउंटिंग कशाला?

वस्तुस्थिती : मोटरमध्ये स्फोटाचे धक्के नसतात, पण पूर्ण टॉर्क क्षणात मिळतो आणि त्याचा पीळ आवरावाच लागतो. मोटर आणि गिअरची बारीक शीळ शेकडो ते हजारो हर्ट्झची असते. इंजिनाच्या घरघरीत ती दबून गेली असती, शांत गाडीत ती कानाला टोचते. म्हणून इथेही रबरी माउंटिंग लागतात, फक्त त्यांची आखणी वेगळी असते. पुण्यात १९६६ पासून काम करणाऱ्या एआरएआय संस्थेत वाहनांचा आवाज आणि कंप यांच्या अभ्यासाची स्वतंत्र प्रयोगशाळा आहे. इंजिने बदलली तरी तिचे काम संपलेले नाही.

पुढच्या सर्व्हिसिंगला गाडी लिफ्टवर चढली की मिस्त्रींना एवढेच सांगा : माउंटिंगचे रबर धातूपासून सुटले आहे का, ओघळ आहे का, टॉर्क रॉडचा बुश फाटला आहे का, ते दाखवा. कारण सापडल्याशिवाय काही बदलू नका, बदलायचे ठरले तर त्याच मॉडेलचा योग्य भाग घ्या आणि खालून ऑइल फवारायला स्पष्ट नकार द्या.